मूलसंहिता-वृक्ष, सामायिक
मूलसंहिता-वृक्ष, सामायिक : संगणकाच्या परिचालन प्रणालीची मूळ संहिता ज्या फायलींत असते त्यांची शाखोपशाखांनी केलेली मांडणी, ‘सोर्स ट्री’ या नावानेही ती ओळखली जाते. ती एकाच ठिकाणी ठेवून अनेक यंत्रांस केवळ वाचनासाठी खुली करावयाची व तीपासून बनणारे यंत्रभाषेतील भाग अन्यत्र साठवावयाचे, ही पद्धत युनिक्स परंपरेत, विशेषतः कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे विकसित झालेल्या बीएसडी प्रणालीत रूढ झाली.

युनिक्सचा गाभा १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिला गेल्याने एकच संहिता निरनिराळ्या यंत्रांवर वापरणे सुकर झाले. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही आज्ञावली रचली. फाइल शेवटी केव्हा बदलली हे पाहून, जुने ठरलेले भाग तेवढेच ती पुन्हा तयार करते. हे भाग सामान्यतः मूळ फायलींच्या शेजारीच ठेवले जात. एका जातीच्या यंत्रासाठी बनलेला भाग दुसऱ्या जातीच्या यंत्रावरही ‘ताजा’ समजला जाई आणि जोडणीच्या वेळी निरुपयोगी ठरे. त्यामुळे प्रत्येक जातीसाठी वेगळी प्रत ठेवणे भाग पडे. चकतीवरील जागा त्या काळी महाग होती. पण त्याहून मोठा धोका म्हणजे एका प्रतीतील दुरुस्ती दुसरीत करावयाची राहून जाई.

१९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत सांकेतिक दुवे आले व पुढे सन कंपनीच्या एनएफएस व्यवस्थेमुळे दूरच्या यंत्रावरील फायली जाळ्यातून वाचता येऊ लागल्या. बर्कलीच्या पुढील आवृत्त्यांत या दोहोंचा मोठा चतुर उपयोग झाला. संहितेच्या प्रत्येक शाखेत ‘ऑब्ज’ नावाचा दुवा ठेवीत. तो वाचणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या चकतीकडे नेई. साहजिकच वृक्ष एकच राही, फळे मात्र ज्याच्या त्याच्या अंगणात पडत. तथापि दोन यंत्रांच्या घड्याळांत फरक असल्यास ‘मेक’ची फसगत होई आणि बदललेली फाइलही जुनीच मानली जाई.

वाचनापुरती खुली संहिता चुकून वा हेतुपुरस्सर बिघडविता येत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ. तो पुरेसा मात्र नव्हे. संहिता निर्दोष असूनही संकलकच दूषित असल्यास तयार होणारी प्रणाली दूषित निघते, हे केन टॉम्पसन यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानातून, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, दाखवून दिले होते.

नेटबीएसडी प्रकल्पाने २००२ मधील १.६ आवृत्तीत ‘बिल्ड डॉट एसएच’ ही आज्ञावली दिली. ती आपला संकलक प्रथम स्वतःच तयार करून घेते. एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीसाठी प्रणाली घडविते. संहितेत लिहिण्याची तिला गरज नसते, आणि सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकारही अनिवार्य नसतात. २०१७ मध्ये याच प्रकल्पाने, एकाच संहितेपासून स्वतंत्रपणे घडविलेल्या दोन प्रणाली बिटागणिक तंतोतंत जुळतात, असे जाहीर केले.