चौकटींचा कागद वर्गात कसा आला

शाळेत य = क्ष² चा आलेख काढायला शिकवतात तेव्हा क्रम ठरलेला असतो. क्ष ला −३ पासून ३ पर्यंत किमती द्यायच्या, समोर ९, ४, १, ०, १, ४, ९ लिहायचं, आलेख कागदावर सात बिंदू मांडायचे आणि जोडायचे. पुस्तकात हे इतकं सहज येतं की पद्धत समीकरणाइतकीच जुनी असावी असं वाटतं. तशी ती नाही.

अन्वस्त हा वक्र ग्रीकांना इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात माहीत होता, पण शंकूचा छेद म्हणून. कोष्टक नाही, अक्ष नाहीत. १६३७ मध्ये देकार्तने वक्र आणि समीकरण यांची सांगड घातली. एका राशीला हव्या तितक्या किमती द्या, दुसरीच्या किमती मिळतील आणि वक्रावरचे हवे तितके बिंदू सापडतील, हे त्याने लिहिलंय. तरी त्याच्या ‘भूमिती’त समीकरणावरून थेट बिंदू मांडून काढलेला एकही नवा वक्र नाही. ऋण किमती दोन्ही अक्षांवर पद्धतशीर वापरल्या न्यूटनने, १७०४ च्या पुस्तकात. म्हणजे आपल्या कोष्टकातली −३, −२, −१ ही डावी बाजू बरीच उशिरा आली.

आणि वर्गात चौकटींचा कागद आणायला जोर लावणारा माणूस निघाला इंजिनिअर! (आमच्या पेशाच्या लोकांना बरं वाटावं अशी गोष्ट.) जॉन पेरी, जन्म १८५०, आयर्लंडचा. १८७५ ते १८७९ तो टोकियोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता आणि तिथल्या विद्यार्थ्यांना प्रयोगांची मापं चौकटींच्या कागदावर मांडायला लावत होता. पुढे लंडनला फिन्सबरीच्या तांत्रिक कॉलेजात तेच. १८९९ मध्ये त्याने लंडनच्या कामगारांपुढे व्यावहारिक गणितावर व्याख्यानं दिली. बडोद्याच्या वाचकाला हा काळ ओळखीचा वाटेल. आपल्याकडे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन उभं राहिलं ते १८९० साली. दोन्हींचा आपसात संबंध होता असं मी म्हणत नाही. कारागिराच्या हाताला शास्त्र द्यावं हा विचार मात्र त्या काळी दोन्हीकडे होता.

पेरीच्या कागदावरचे बिंदू मोजलेले असत. वाफेचा दाब, तुळईचा वाक, असलं काहीतरी. दोन मापांच्या मधे काय झालं ते कागद सांगत नाही, तिथे हाताने गुळगुळीत रेघ ओढणं हा अनुभवाचा निर्णय. शाळेने हा कागद उचलला, पण तिथले बिंदू गणिताने काढलेले असतात. तिथे अंदाज कशाला? मधलं हवं ते विचारता येतं, आणि हेच वर्गात कुणी करत नाही.

करून बघा. ओळखीच्या मुलांना मी हे हमखास करायला लावतो. (०, ०) आणि (१, १) पट्टीने जोडा. आता क्ष = १/२ घ्या. पट्टीची रेघ सांगते १/२, समीकरण सांगतं १/४. क्ष = १/४ ला रेघ १/४, समीकरण १/१६. बिंदू रेघेच्या खालीच पडत जातात. वक्र शून्यापाशी अक्षाला अलगद टेकतो, टोक काढत नाही, हे इथे दिसतं. सात बिंदू पट्टीने जोडणाऱ्याला ते कधीच दिसायचं नाही. अजून एक: शून्यापासून उजवीकडे एकेक घर सरका, वर जायची घरं १, ३, ५. विषम संख्यांचा हाच क्रम गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात पडणाऱ्या वस्तूसाठी दिला आहे, समान वेळांत कापलेली अंतरं म्हणून. य = २क्ष² असेल तर २, ६, १०. कोष्टक न करताही आलेख निघतो.

१९०१ मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे पेरीने गणिताच्या शिकवणीवर भाषण केलं आणि युक्लिडच्या घोकंपट्टीवर टीका केली. पुढच्या वर्षी अमेरिकेत ई. एच. मूर यांनी त्याची बाजू घेतली. १९०३ मध्ये केंब्रिजने परीक्षेतली युक्लिडच्या क्रमाची सक्ती काढली, आणि शाळेच्या वेळापत्रकात आलेखाला जागा झाली.