वऱ्हाडांतील लमाणांची लदेणी आणि तिचा ऱ्हास

जे धंदे वतनानें चालत आले, त्यांचा इतिहास लिहिणारास साधनांची वाण सहसा पडत नाहीं. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून सनदा निघतात, पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरांतून महजर व निवाडे निघतात, आणि बलुतेदारांच्या मानपानाचे तंटे तर इतके निघतात कीं वाचणाराच कंटाळतो. वतनदाराचा धंदा गेला तरी कागद मागें राहिला. परंतु ज्यांस गांव नव्हतें, शींव नव्हती व वतनही नव्हतें, त्यांचा धंदा बुडाला तेव्हां त्याबरोबर त्याची आठवणही बुडाली. वऱ्हाडांतील, विशेषतः आजच्या यवतमाळ जिल्ह्यांतील, लमाणांच्या लदेणीची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे. दारव्हा, दिग्रस, पुसद व उमरखेड या भागांतून हिंडतांना ‘तांडा’ हा शब्द शेवटीं असलेलीं वस्त्यांचीं नांवें जागोजागीं आढळतात. तांडा म्हणजे मुळांत चालतें गांव. तें कोठें, केव्हां व कां थांबलें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम नांवाचा विचार. ‘बनजारा’ हा शब्द ‘वाणिज्यकार’ या संस्कृत शब्दापासून आला, हें मत सर्वश्रुत असून ध्वनिदृष्ट्या त्यास मोठीशी अडचण नाहीं. ‘लमाण’ हें मात्र ‘लवण’ शब्दापासून सरळ साधत नाहीं. लवणाचें प्राकृत रूप ‘लोण’. त्यावरूनच बुलढाणा जिल्ह्यांतील खाऱ्या सरोवराच्या लोणारचें नांव. तेव्हां ‘लवाणा’, ‘लभाणा’ अशीं मधलीं रूपें धरावीं लागतात. नाम-नांव, ग्राम-गांव यांत मकाराचा वकार होतो; येथें तो व्यापार उलटा झाला असें मानावें लागेल. पुढच्या णकाराच्या अनुनासिक संसर्गानें तें अशक्य नाहीं. तथापि निश्चित म्हणवत नाहीं. दण्डीच्या दशकुमारचरितांत बनजाऱ्यांचा उल्लेख आहे, असें एका इंग्रज ग्रंथकारानें लिहिल्यापासून तें विधान पुस्तकांपुस्तकांतून फिरत आहे. मूळ संस्कृतांत हा शब्द नाहीं, हें प्रो. कॉवेल यांनीं पूर्वींच दाखवून दिलें आहे. संस्कृत वाङ्मयांत सार्थ व सार्थवाह पुष्कळ आहेत. पण प्रत्येक सार्थवाह बनजारा नव्हे. मुसलमानी तवारिखांतील जुना उल्लेख म्हणून सिकंदर लोदीच्या धोलपूरवरील स्वारीच्या वेळचा, म्हणजे इ. स. १५०४ चा, दाखवितात. तेथून पुढें मात्र साखळी तुटत नाहीं. पीटर मंडी या इंग्रजास इ. स. १६३२ मध्यें चौदा हजार बैलांचा तांडा वाटेंत भेटला. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले असून या लोकांचे गहू, तांदूळ, डाळ व मीठ वाहणारे असे चार वेगळे वर्ग सांगितले आहेत.

बारा हजार बैल म्हणजे किती माल, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका बैलाचें ओझें सुमारें २४० पौंड, म्हणजे बंगाली मापानें तीन मणांस किंचित् कमी. त्या मानानें एका तांड्यावर पस्तीस हजार मण धान्य चालत होतें. यास सडक नको, पूल नको, आणि मुख्य गोष्ट ही कीं वैरणीस पैसा नको. बैल चालतां चालतां चरत. मुक्काम थोड्या कोसांचे. पावसाळ्यांत गवताच्या रानांत छावणी. बैलाचा खर्च रानानें सोसावा आणि माणसानें केवळ गोणी भरावी व उतरावी, हें या धंद्याचें सर्व अर्थशास्त्र होय. लमाणाची खरी पुंजी बैल नसून फुकटचें गवत ही होती. पुढील विवेचनांत वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

तांड्यावर नाईकाची सत्ता चाले. मथुरिया, लभाण, चारण व ढाडी असे चार भेद वऱ्हाडांत सांगितले जात; त्यांत लदेणीचा भर चारणांवर. ढाडी हे त्यांचे भाट. वंशावळी त्यांच्या तोंडीं. बालाजीस वाहिलेला एक बैल तांड्याबरोबर असे. त्यास ‘हटाडिया’ म्हणत. त्याच्या पाठीवर गोणी कधीं चढत नसे. तांबडें रेशमी वस्त्र व घंटा त्याच्या अंगावर, आणि तो जेथें बसेल तेथें मुक्काम. आजारी माणसास त्याच्या पायांशीं आणीत. ही माहिती वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज या अंमलदाराच्या टिपणांतून आली आहे. तीं टिपणें इ. स. १८६९ च्या सुमारास लिहिलेलीं व १८८२ मध्यें पुन्हां छापलेलीं. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत त्यांचाच मुख्य आधार घेतला. कंबरलेजचें टिपण अमोल खरें, परंतु लिहिणारा पोलीस होता आणि त्यानें तांडा पाहिला तो पडत्या काळांत, हें विसरून तें वाचणें धोक्याचें आहे.

त्याच टिपणांत जंगी-भंगी नाईकांची प्रसिद्ध कथा आहे. विजापुरावरील मोहिमेंत हे दोघे एक लक्ष ऐशीं हजार बैल घेऊन लष्कराबरोबर होते. बैलांस गवत-पाणी मिळेना. तेव्हां घरांतील रांजणांचें पाणी व छपरांचें गवत घेण्याची मुभा आणि दिवसास तीन खुनांची माफी, अशी सनद ताम्रपटावर सुवर्णाक्षरांनीं कोरून देण्यांत आली. ‘आसफ’ या नांवावरून येथें दोन काळांचा घोळ होतो. शहाजहानाचा वजीर आसफ खान इ. स. १६३१ मध्यें विजापुरावर गेला होता. हैदराबादच्या घराण्याचा मूळपुरुष निजामुल्मुल्क यास आसफजाह हा किताब मिळाला तो १७२५ मध्यें. शिवाय मोगलांचीं फर्मानें कागदावर असत. ताम्रपट ही आपल्या हिंदु राजांची रीत. माझ्या मतें असा पट खरोखर असेल, तर तो एखाद्या कागदी परवान्याची मागाहून केलेली स्मृति असावी. कथेचा गाभा मात्र खोटा म्हणवत नाहीं. तीत जें मागितलें आहे तें सोनें नव्हे, जहागीर नव्हे. गवत व पाणी.

लष्कर हें लमाणांचें मोठें गिऱ्हाईक. टिपूवरील १७९१-९२ च्या मोहिमेंत कॉर्नवालिसनें, आणि १८०३ मध्यें वेलस्लीनें यांच्याच बैलांवर फौजा पोसल्या. त्या सालीं असई, मग वऱ्हाडांतील अडगांव, मग गाविलगड, अशी ती फौज डोंगराळ मुलुखांतून चालली. तिच्या मागें धान्याच्या गोणी नसत्या तर तोफा काय कामाच्या होत्या? लमाण कोणत्याही एका पक्षाचे नव्हते. दाम देईल त्यास धान्य, हा त्यांचा धर्म. म्हणून दोन्ही फौजा त्यांस सहसा लुटीत नसत.

रेल्वे आली आणि लमाण बुडाले, असें एका वाक्यांत सांगण्याची रीत आहे. तें अर्धेंच खरें होय. पहिला घाव शांततेनें घातला. इ. स. १८१८ नंतर मोठ्या चालत्या फौजा दक्षिणेंत दुर्मिळ झाल्या व धंद्याचा एक पाय मोडला. दुसरा पाय व्यापाराचा. वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्वीं बैलांच्या पाठीवर थेट मिर्झापुरास जाई. १८२५-२६ मध्यें विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं पांचशें बैलांचा, म्हणजे सुमारें एक लक्ष वीस हजार पौंड, कापूस मुंबईस पाठविला, आणि मालाचें तोंड पश्चिमेकडे वळलें. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, सडका झाल्या, गाडी आली. १८६१ ते ६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीनें कापसास सोन्याचा भाव आणला, तेव्हां घाईच्या मालास गाडीच लागली. बैल पाठीवर नेई त्याच्या कितीतरी पट तो चाकांवर ओढी. मग १८६७ मध्यें लोहमार्ग भुसावळाहून नागपुरास पोंचला.

यवतमाळची गोष्ट येथें थोडी निराळी पडते. या जिल्ह्यास पूर्वीं ‘वणी’ असें नांव होतें. १९०५ मध्यें पुसद तालुका जोडला जाऊन त्यास यवतमाळ म्हणूं लागले. थोरला लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेस बाहेरून गेला. यवतमाळचें स्टेशन म्हणजे एकोणतीस मैलांवरील धामणगांव. आंतला मुलूख घाटांचा व जंगलांचा. म्हणून लमाणांचा बैल येथें एकाएकीं निकामी झाला नसावा, असें मला वाटतें. त्याचा शेवटचा आधार तुटला तो गवत गेल्यावर. १८७८ च्या वनकायद्यानें व वऱ्हाडापुरत्या १८८६ च्या कायद्यानें राखीव रानें झालीं, चराईस दर पडला आणि फुकट गवतावर उभा असलेला हिशेब उलटला. पडीत जमिनी लागवडीखालीं गेल्या तें वेगळेंच. आगगाडीनें लमाणाचें गिऱ्हाईक नेलें. रानाच्या कुंपणानें त्याचें भांडवल नेलें. या दुसऱ्या कारणाकडे आमच्या लेखकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं.

गाडीवानांचें राज्यही फार टिकलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांचा फांटा झाला. किलिक निक्सन कंपनीचा. लोक त्यास ‘शकुंतला’ म्हणत. १९२१ मध्यें मँचेस्टरास बांधलेलें त्याचें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललें. नंतर डिझेल आलें, आणि आतां ती गाडीही बंद आहे. कोळसा टाकणारा फायरमन हाही लमाणाच्या मागोमाग गेला. त्याचें टिपण तरी कोणी केलें आहे काय?

धंदा गेलेल्या माणसाकडे राज्यकर्ते कोणत्या नजरेनें पाहतात, हेंही या इतिहासांत येतें. ज्याच्या हिंडण्यावर फौजा जगल्या, त्याचें हिंडणेंच संशयास्पद ठरलें. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढें निरनिराळ्या प्रांतांत अनेक फिरत्या जातींस लागला. तो १९५२ मध्यें रद्द झाला. महाराष्ट्रांत बंजारा समाज आज विमुक्त जातींत गणला जातो, ती या काळाची खूण. बहुतेक तांडे शेतीकडे व गुरांच्या पैदाशीकडे वळले. पुसदजवळील गहुली हा असाच एक तांडा. तेथील फुलसिंग नाईकांचे चिरंजीव वसंतराव, जन्म १९१३, हे १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

आतां संग्राहकांस दोन शब्द. आपण सनदा व पत्रें जपतों आणि जकातीचे रुमाल रद्दींत घालतों. लमाण सापडेल तर त्या रुमालांतच: किती गोणी, कसला जिन्नस, कोणता नाईक, कोणता घाट. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नसतो, व लिहिणारे ‘वणजारी’, ‘बिंजारी’, ‘वंजारी’ हे शब्द मनास येतील तसे वापरीत. आज वंजारी ही बंजाऱ्यांहून वेगळी जात आहे. म्हणून केवळ शब्दावरून निर्णय न करितां नाईकाचें नांव, बैलांची संख्या व जिन्नस ताडून पाहावे. राठोड, पवार, चव्हाण, जाधव हीं कुळें नांवापुढें असल्यास तेवढ्यानेंही भागत नाहीं. मराठ्यांतही तीं आहेतच. ढाडींच्या तोंडच्या वंशावळी मात्र आधीं उतरून घ्याव्या. कागद आणखी कांहीं वर्षें कसरीच्या तोंडून वांचेल. तो म्हणणारा वृद्ध वांचेलच असें नाहीं.