वकिलीच्या वाटेवरचे इंग्रजी : अकरावी-बारावीत कोणता विषय घ्यावा?

दहावीचा निकाल लागला की चिखल्यात संध्याकाळी विहारात मुले, मुली आणि त्यांचे पालक येऊन बसतात. आयटीआय, नर्सिंग, पोलीस भरती हे ठरलेले प्रश्न असतात. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आला आहे. "ताई जी, वकिली कराची आहे, तं अकरावीत इंग्लिशचा कोनता विषय घेऊ?" मँगनीजच्या खाणीवर ज्यांचे आजोबा-वडील राबले, त्या घरातली मुलगी हे विचारते तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे. म्हणून हा लेख.

आधी नियम. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा चालते. इंग्रजीचा अमुकच विषय घेतला पाहिजे, अशी अट कुठेही नाही. राज्य मंडळात इंग्रजी सर्वांना सक्तीचेच असते, त्यामुळे कागदोपत्री तेवढे पुरते.

मग प्रश्न संपला का? नाही. प्रवेश मिळणे वेगळे आणि कायदा वाचता येणे वेगळे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद ठरवली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली ना सत्र न्यायालयाने कोणाला दोषी धरले, ना उच्च न्यायालयाने. आपण मोर्चे काढले, घोषणा दिल्या. त्या कायद्यात नेमके काय लिहिले होते, हे किती जणांनी वाचले?

त्या वेळी कलम ३(२)(पाच) मध्ये 'ऑन द ग्राउंड दॅट' असे शब्द होते. म्हणजे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, हे सिद्ध करायचे. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे 'नोइंग दॅट' आले, म्हणजे ती अनुसूचित जातीची आहे 'हे माहीत असताना'. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. कारण सिद्ध करणे आणि माहिती असल्याचे सिद्ध करणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नवे शब्द आधी असते तर खैरलांजीचा निकाल वेगळा लागला असता, असे मी म्हणत नाही. पण दोन-चार इंग्रजी शब्दांवर साक्षी-पुराव्याचे सगळे ओझे सरकते, हे खरे.

दुसरे उदाहरण रोजच्या कामातले. जातिवाचक अपमानाच्या कलमात 'पब्लिक व्ह्यू' म्हणजे लोकांच्या नजरेसमोर, असे शब्द आहेत. 'पब्लिक प्लेस' म्हणजे सार्वजनिक जागा, असे नाहीत. स्वरण सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. घराचे अंगण खाजगी असते, पण रस्त्यावरून दिसत असेल तर तिथला अपमान लोकांच्या नजरेसमोरचा ठरू शकतो. फिर्याद लिहून घेताना हे ज्याला ठाऊक आहे, तो कार्यकर्ता "घटना कुठे घडली" एवढ्यावर थांबत नाही, तिथे कोण उभे होते, कोणाला दिसत होते, हेही लिहायला लावतो.

वकिलीसाठी लागणारे इंग्रजी हे असे आहे. फाडफाड बोलण्याशी त्याचा संबंध कमी. लांब वाक्य तोडून वाचणे, 'शॅल' आणि 'मे' मधला फरक ओळखणे, 'प्रोव्हायडेड दॅट' आले की पुढे अपवाद येणार हे समजणे, आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत थोडक्यात लिहिणे. मराठी माध्यमातल्या मुलांना उच्चाराची लाज वाटते. मलाही वाटायची. एम.ए. समाजशास्त्राचे इंग्रजी संदर्भ वाचताना कळले की मी अडते आहे ती वाक्यरचनेत, उच्चारात नव्हे.

आता विषयांकडे येऊ. सक्तीच्या इंग्रजीला मुले 'पास होण्यापुरता विषय' समजतात आणि गाइडवर भागवतात. मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. २०२० पासूनचे बारावीचे युवकभारती उघडून पाहा. त्यात ए. जी. गार्डिनर यांचा 'ऑन सेइंग प्लीज' हा पाठ आहे. 'प्लीज' म्हटले नाही म्हणून लिफ्टवाला प्रवाशाला बाहेर ढकलतो. उद्धटपणा हा कायद्याने गुन्हा नाही, ढकलणे मात्र आहे, हा त्यातला मुद्दा. ओ. हेन्रीची 'द कॉप अँड द अँथम' ही कथाही त्यातच आहे. हिवाळ्यात आसरा मिळावा म्हणून सोपी तुरुंगात जायला धडपडतो, गुन्ह्यामागून गुन्हा करतो, पण पोलीस पकडत नाहीत. सुधारायचे ठरवतो तेव्हा नुसता उभा असताना पकडला जाऊन तीन महिने आत जातो. गरीब माणूस कायद्याला कसा दिसतो, यावर विधी महाविद्यालयात तासभर चर्चा होऊ शकेल. आपण मात्र त्याचे पाठांतर करतो.

याच पुस्तकाच्या लेखन-कौशल्य विभागात सारांश, टिपणे असे प्रकार आहेत. बाजू-प्रतिबाजू लिहिताना मुले एकच बाजू घेतात, दुसरीकडे दोन ओळी टाकतात. वकील व्हायचे असेल तर जी बाजू पटत नाही तीच आधी लिहा. विरोधी वकील काय म्हणेल, हे ओळखायची सवय तिथूनच लागते.

कला शाखेत 'इंग्रजी साहित्य' हा ऐच्छिक विषय सक्तीच्या इंग्रजीशिवाय वेगळा घेता येतो. शिकवणारे शिक्षक खरोखर असतील तर जरूर घ्या, वाचनाचा सराव दुप्पट होतो. पण ग्रामीण भागातल्या फार थोड्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो मिळतो, आणि तेवढ्यासाठी घर सोडून खर्चात पडावे, असे मला वाटत नाही. त्याऐवजी राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांतले विषय घ्या आणि इंग्रजी वाचन स्वतः वाढवा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात जाऊन विचारा की कागदावरचे कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जातात.

एक गोष्ट आग्रहाने सांगते : मराठी सोडू नका. गुण जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची पद्धत पडली आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, पण महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तुमसर-भंडाऱ्याचा वकील सकाळी मराठीत साक्ष नोंदवतो आणि त्याच प्रकरणाचे अपील नागपूरला इंग्रजीत वाचले जाते. दोन्ही काठ ज्याला माहीत, तोच पूल बांधतो. पालीची ओढ असेल तर पाली ऐच्छिक म्हणून घ्यावी, मराठीच्या बदल्यात नको.

प्रवेश परीक्षांबद्दल थोडक्यात. राज्याच्या विधी सीईटीत १२० प्रश्न असतात, त्यांपैकी २४ इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट पूर्ण इंग्रजीत, १२० प्रश्न दोन तासांत, चुकीला पाव गुण वजा. तिथे कायद्याचे प्रश्नसुद्धा उताऱ्यावरच असतात, म्हणजे वाचनाचा वेग हाच अभ्यास. ती डिसेंबरात, बोर्डाच्या आधी होते. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे तर क्लॅटच द्यावी लागते. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

काय वाचावे? बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' सर्वांत आधी. शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते आहे. छोटे आहे, वाक्ये सरळ आहेत, आणि बालपणीच्या गोरेगाव प्रवासाचा प्रसंग अकरावीतल्या मुलाला शब्दकोशाशिवायही बराच कळतो. पुढे 'अनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्या, त्यात युक्तिवाद कसा बांधतात ते दिसते. संविधानाची मराठी-इंग्रजी द्विभाषी प्रत घेऊन रोज एक अनुच्छेद दोन्ही भाषांत वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर फुकट मिळतात, काहींचा मराठी अनुवादही असतो. अनुवाद आधी वाचून मग मूळ वाचले तर भीती जाते. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' विहाराच्या वाचनालयात एक तरी असावा.

बाबासाहेबांनाही हवा तो विषय मिळाला नव्हता. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून त्यांनी फारसी घेतली. इंग्रजीचा पाया मात्र घरी वडिलांनी पक्का करून घेतला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांवर. भाषांतराचा हा सराव आजही चालतो : फिर्यादीची एक प्रत घ्या, नावे काढून टाका, पाच ओळी इंग्रजीत करा, दुसऱ्या दिवशी त्याच पाच ओळी मूळ न पाहता परत मराठीत आणा.

बारावीनंतर पाच वर्षांचा प्रवेश हुकला तर पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. बी.ए.ला तेव्हा इंग्रजी साहित्य घेता येते, आणि अकरावीत ते न मिळालेल्या चिखल्याच्या मुलीसाठी तो मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो.