हजेरीपटावरची फातिमा

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही नवा हजेरीपट लिहायला घेतो. कनीज फातिमा, नूर फातिमा, अलीना फातिमा आणि एखादी नुसतीच फातिमा. नागपूरच्या आमच्या उर्दू शाळेत ‘फातिमा’ अशी हाक दिली की वर्गात तीन-चार मुली एकदम उभ्या राहतात. नावाचा अर्थ विचारला तर त्या म्हणतात, ‘‘सर, रसूलुल्लाहच्या बेटीचं नाव आहे.’’ उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे.

हे नाव इस्लामपूर्व अरबस्तानातही होते. पैगंबरसाहेबांच्या (स.) आजीचे नाव फातिमा, हजरत अलींच्या (रजि.) आईचेही फातिमाच. अरबीत ‘फतम’ म्हणजे बाळाचे अंगावरचे दूध तोडणे. त्यावरून फातिमा म्हणजे दूध तोडणारी. हजरत उमर (रजि.) इस्लामकडे वळले तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. ज्या बहिणीच्या घरी त्यांनी कुरआनच्या आयती ऐकल्या, तिचे नावही फातिमाच होते.

नाव घरोघर गेले ते मात्र हजरत फातिमा जहरा (रजि.) यांच्यामुळे. इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलिफांनी आपल्या घराण्याला त्यांचेच नाव दिले. आपल्याकडे निकाहात ‘मेहरे फातिमी’ ठरते. ‘कनीज फातिमा’ म्हणजे फातिमांची दासी. खुद्द त्यांचे नाव ठेवण्याऐवजी त्यांची सेविका म्हणवून घेण्यात आईबापांची नम्रता दिसते. गोव्यात ख्रिस्ती बायकांचेही नाव फातिमा असते. ते पोर्तुगालमधील फातिमा गावावरून आले. १९१७ मध्ये तिथे मेरी मातेचे दर्शन झाले, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे.

हदीसमध्ये सांगितले आहे की जाते ओढून हजरत फातिमांच्या हातांना घट्टे पडले. त्यांनी वडिलांकडे घरकामाला माणूस मागितला. त्यांना मिळाली तस्बीह : ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. आपल्या आया-बहिणी आजही रात्री झोपताना ती पढतात.

कष्टांची ही आठवण आम्हाला महाराष्ट्रातल्या एका फातिमापाशी घेऊन जाते. पुण्यात १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्या फातिमाची काळजी करतात : आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. त्या उस्मान शेख यांच्या भगिनी फातिमा शेख, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ मध्ये हे पत्र छापले गेले. जानेवारी २०२५ मध्ये अशी कोणी बाई नव्हतीच, असा दावा समाजमाध्यमांवर झाला, तेव्हा अभ्यासकांनी याच पत्राकडे बोट दाखवले. एका मैत्रिणीने नाव लिहून ठेवले, म्हणून ते उरले.

आमच्या नानींचे नावही फातिमाच. पण मोहल्ल्यात त्यांना सगळे थोरल्या मामूंचे नाव घेऊन ‘फलाने की अम्मा’ म्हणत. त्यांचे नाव आम्ही कागदावर पहिल्यांदा वाचले ते त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर, आणि तेही ‘फत्माबी’ असे. नाव सांगताना मामूंनाही क्षणभर आठवावे लागले होते.

उर्दूत हे नाव एकाच रीतीने लिहितात. देवनागरीत मात्र कुठे फातमा, कुठे फातेमा, कुठे फातिमा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे असले की शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, मग पालक कामाचा दिवस बुडवून चकरा मारतात. म्हणून आता दाखल करून घेतानाच आम्ही नाव आईला मोठ्याने वाचून दाखवतो. आणि त्याच अर्जावर आईचेही नाव पूर्ण लिहून घेतो. ‘‘माझं कशाला, सर?’’ असे काही जणी लाजून म्हणतात. आम्ही पेन हातात धरून थांबतो. मग त्या सांगतात.