गरम पाण्याचा हिशेब

दिवसभर उभे राहून शिकवल्यावर अंग आंबून जाते. घरी आल्यावर कढत पाण्याने सावकाश आंघोळ केली की कसे हलके वाटते, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. त्यासाठी कुठे जावे लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही. पण हे सुख नेमके कितीला पडते? पूर्वीही ते इतकेच स्वस्त होते का? याचे उत्तर शोधताना थोडे भौतिकशास्त्र लागते आणि बराचसा इतिहास.

आधी भौतिकशास्त्र

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. बादलीत २० लिटर पाणी आहे आणि ते २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायचे आहे असे धरू. २० × २० म्हणजे ४०० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटमधून सुमारे ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे ही बादली साधारण अर्ध्या युनिटात तापते.

यातली मौज अशी की हा आकडा काळानुसार बदलत नाही. रोमन सम्राटाच्या पाण्यालाही एका अंशाला तेवढीच उष्णता लागत होती. बदलत गेले ते इंधन आणि पाणी वाहून आणणारे हात.

त्या उष्णतेने बरे का वाटते, हेही पाहू. कोमट-गरम पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, विशेषतः तळहात आणि तळपाय यांच्या. आंघोळीनंतर याच वाटांनी शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि आतले तापमान किंचित उतरते. झोप येण्यापूर्वी शरीर स्वतःहूनही हेच करत असते. २०१९ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. निजण्यापूर्वी एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटे स्नान केले, तरी झोप लवकर लागते असे त्यांना आढळले.

घरातली मोरी, गावातले स्नानगृह

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या पुष्कळ घरांत विटांची फरसबंद न्हाणी होती. तिचे पाणी उताराने रस्त्यावरच्या गटारात जाई. पुढे रोमन लोकांनी न्हाण्याला सार्वजनिक रूप दिले. जमिनीखालच्या पोकळीत भट्टीची गरम हवा खेळवून ते खोल्या तापवत. प्रवेशाला अगदी लहानसे नाणे पुरे. हे स्नान स्वस्त होते, कारण भट्टीत लाकडे सारणारे बहुधा गुलाम असत. हिशेबात न धरलेले कष्ट आंघोळीच्या इतिहासात असे वारंवार भेटतात.

लिव्हरपूलचा बंब

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या औद्योगिक शहरांत माणसे दाटीवाटीने राहू लागली. एकेका नळावर अनेक कुटुंबे अवलंबून असत. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलऱ्याची साथ आली. तेव्हा किटी विल्किन्सन या कष्टकरी आयरिश बाईच्या स्वयंपाकघरात पाणी तापवायचा मोठा हंडा होता. गल्लीत इतरांकडे तशी सोय नव्हती. तिने शेजारच्या बायकांना आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणे त्या हंड्यात धुवायला दिली. कॉलरा जंतूंमुळे होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, पण उकळत्या पाण्याने जंतू मरतच होते.

या अनुभवातून १८४२ साली लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुण्याची जागा सुरू झाली. १८४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून गावोगावच्या संस्थांना अशी स्नानगृहे बांधण्याची मुभा दिली. सर्वांत खालच्या वर्गाच्या स्नानासाठी कमाल दरही कायद्यातच ठरला. थंड पाण्याला एक पेनी आणि गरम पाण्याला दोन, स्वच्छ टॉवेल धरून. त्या दुसऱ्या पेनीत उष्णतेची किंमत उघडपणे दिसते.

खाणीतून घरी

खाणकामगारांच्या वस्तीत मात्र ही किंमत उघड दिसत नव्हती. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीतून माणूस पाळी संपवून नखशिखांत काळा होऊन घरी येई. चुलीपुढे पत्र्याचा टब ठेवून त्याची आंघोळ होई. पाठ रोज धुतली तर कणा कमजोर होतो असा पुष्कळांचा समज होता, म्हणून ती तशीच राही! बाकी अंगाला मात्र गरम पाणी हवेच.

त्या टबात ६० लिटर पाणी आहे असे समजू. बाहेरचे पाणी १० अंशांचे आणि आंघोळीला हवे ४० अंशांचे. २० लिटर उकळते पाणी आणि ४० लिटर विसण घेतले की नेमके हे तापमान येते. (मुलांकडून पडताळून घ्या: २० लिटर पाणी ६० अंशांनी निवते, तर ४० लिटर ३० अंशांनी तापते.) उष्णता लागली १,८०० किलोकॅलरी. ती पाव किलो कोळशात असते, पण उघड्या शेगडीतली बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते.

आता वजन पाहा. ६० किलो पाणी टबात ओतायचे आणि तेवढेच काळे पाणी उपसून बाहेर टाकायचे. नवरा आणि दोन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत असतील, तर हे दिवसातून तीनदा. म्हणजे ३६० किलोंची उचल, आणि तीही घरातल्या बाईने करायची. सांडलेल्या उकळत्या पाण्याने लहान मुले भाजत ती वेगळीच.

१९११ च्या कायद्यात खाणीच्या तोंडाशीच स्नानगृह बांधण्याची तरतूद झाली. पण त्यासाठी दोन तृतीयांश कामगारांनी होकार द्यायचा आणि चालवण्याचा निम्मा खर्च उचलायचा, अशा अटी होत्या. वेल्समधले असे पहिले स्नानगृह १९१६ साली ट्रिहॅरिस येथे उघडले. १९१९ साली कोळसा उद्योगाच्या चौकशीसाठी सँकी आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे एलिझाबेथ अँड्र्यूज आणि आणखी दोन बायकांनी लंडनला जाऊन साक्ष दिली. जड हंडे आणि टब उचलल्याने बायकांना दुखणी जडतात, वेळेआधी बाळंतपणे होतात, हे अँड्र्यूजबाईंनी एका सुईणीच्या अनुभवाच्या आधारे मांडले. खाणीवर न्हाणीघर हवे ही मागणी पुरुषांच्या स्वच्छतेपुरती नव्हती. ती बायकांच्या पाठीच्या कण्याची होती. १९२६ च्या कायद्याने खाणमालकीच्या उत्पन्नावर कर बसवून या स्नानगृहांसाठी निधी उभा केला, आणि मग ती वेगाने वाढली.

गीझर आला

पाणी नळातूनच गरम यावे, ही कल्पना याच्याही आधीची. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर चालणाऱ्या तापक यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याला ‘गीझर’ नाव दिले. आइसलंडमधल्या ‘गेसिर’ या उसळत्या गरम झऱ्यावरून आलेला हा शब्द आज आपल्याकडे घरोघरी रुळला आहे. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. हा धोका आजही संपलेला नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालवला तर हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. वर्गात हे जरूर सांगावे.

यंत्र निघाले म्हणून ते सर्वांच्या घरी पोचले असे नाही. १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कुटुंबांकडे पक्का बसवलेला टब नव्हता.

आपल्याकडे

मराठी घरांतला तांब्याचा बंब याच प्रश्नाचे चतुर उत्तर होता. मधोमध नळी, नळीत विस्तव आणि सभोवती पाणी. त्यामुळे चुलीवरच्या हंड्याच्या मानाने कमी उष्णता वाया जाई. तरी बंब भरणे, पेटवणे, राख काढणे ही कामे कुणालातरी करावीच लागत. आज सौर तापक, वीज आणि गॅस आले आहेत, पण अनेक गावांत पाणी अजूनही डोक्यावरून येते आणि सरपणावर तापते.

मुलांना आठवडाभर एक तक्ता ठेवायला सांगावे. घरात रोज किती लिटर पाणी तापते, कशावर तापते, थर्मामीटर असल्यास किती अंशांनी तापते, हे त्यात मांडावे. शेवटचे दोन रकाने असे असावेत: पाणी कुणी आणले? आणि कुणी तापवले? किलोकॅलरींचा गुणाकार मुले चटकन करतील. या दोन रकान्यांत एकाच व्यक्तीचे नाव पुन्हा पुन्हा आले, तर त्यावर वर्गात जरूर बोलावे. त्या व्यक्तीला स्वतःला निवांत आंघोळ करायला कधी मिळते, हेही मुलांनी घरी विचारून यावे.