घरगुती विहिरीवरील पंप

घरगुती विहिरीवरील पंप हे आवारातील विहिरीचे पाणी उपसून गच्चीवरील टाकीत चढवणारे, सामान्यतः विजेवर चालणारे यंत्र होय. कोकण व गोव्यातील घरोघरचे रहाट या यंत्रामुळे मागे पडले. पाणी कमी दाबाने येणे ही या व्यवस्थेतील नेहमीची तक्रार असून तिचे मूळ पुष्कळदा पंपाच्या बिघाडात नव्हे, तर त्याच्या जागेत असते.

सक्शनची मर्यादा

पंप पाणी ओढतो, असे बोलीभाषेत म्हटले जाते. शास्त्रदृष्ट्या ते अचूक नाही. पंप सक्शन पाइपातील दाब कमी करतो आणि विहिरीतील पाण्यावर असलेला वातावरणाचा दाब ते पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ तोलतो. घर्षण व इतर तूट वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ७ मीटरपर्यंतच भरवसा ठेवता येतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवरील गावी मूळ मर्यादाच पावणेनऊ मीटरच्या आसपास येते. अधिक अश्वशक्तीची मोटर बसवून ही मर्यादा ओलांडता येत नाही. तरीही तो खर्च वारंवार केला जातो.

हे अंतर पंप बंद असतानाच्या नव्हे, तर उपसा चालू असताना खाली गेलेल्या पातळीपासून मोजावे लागते. दख्खनच्या बेसाल्टमधील विहिरींत झऱ्यांची आवक उन्हाळ्यात मंदावते, त्यामुळे डिसेंबरात सुरळीत चालणारा पंप एप्रिल-मे महिन्यांत हवा घेऊ लागतो.

पंपाची जागा

काठावरील मोनोब्लॉक पंप पाण्याच्या शक्य तितका जवळ असावा. त्यासाठी काही ठिकाणी तो विहिरीच्या आत कोनाड्यात किंवा लोखंडी आधारावर बसवतात; मात्र पावसाळ्यात पाणी चढण्यापूर्वी त्याला वर घ्यावे लागते. सक्शन पाइप विहिरीकडून पंपाकडे सतत चढता असावा. मध्येच उंचवटा राहिल्यास तेथे हवा साचते. पाइप लहान व्यासाचा घेण्याची काटकसर शेवटी महाग पडते. फूटव्हॉल्व्ह नीचतम पातळीच्या पुरेसा खाली, पण तळाच्या गाळापासून वर असावा.

पातळी ७ मीटरपेक्षा खोल जात असेल तर जेट पंप किंवा पाण्यातच बुडवून ठेवायचा ओपनवेल पाणबुडी पंप वापरतात. पाणबुडी पंप पाण्याला खालून ढकलतो, म्हणून त्याला सक्शनची ही मर्यादा अडवत नाही. त्याची मोटर भोवतीच्या पाण्याने थंड राहते. पाणी कमी होऊन पंप उघडा पडल्यास ती जळण्याचा धोका असतो. पंप दोराने किंवा पाइपाने टांगावा, विजेच्या केबलने कदापि नाही.

कमी दाबाची कारणे

प्रथम दोष टाकीपूर्वीचा की टाकीनंतरचा, हे ठरवावे. टाकी वेळेवर भरत असेल तर पंप निर्दोष असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतो. त्यामुळे नळापेक्षा टाकी केवळ ३ मीटर उंच असल्यास दाब ०.३ इतकाच मिळतो, आणि वरच्या मजल्यावरील शॉवर याच कारणाने रडतखडत चालतो. एकाच नळाला धार कमी असल्यास तोंडावरील जाळी साफ करावी. सर्वच नळांना कमी असल्यास टाकीखालील व्हॉल्व्ह, गंजाने आतून अरुंद झालेले जुने लोखंडी पाइप आणि पाइपात अडकलेली हवा तपासावी.

टाकी भरण्यास पूर्वीपेक्षा फार वेळ लागत असेल तर दोष पंपाकडे शोधावा. दर वेळी पंपात नव्याने पाणी भरावे लागत असल्यास फूटव्हॉल्व्हमध्ये पाला किंवा खडा अडकलेला असतो, अथवा त्याचे रबर झिजलेले असते. धारेत बुडबुडे दिसल्यास सक्शनच्या सांध्यातून हवा शिरते. थ्री-फेज मोटर दुरुस्तीनंतर उलटी फिरू लागली असल्यास पंप चालूनही पाणी अत्यल्प चढते. दोन फेजची अदलाबदल करून दिशा सुधारते.

सुरक्षितता

वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद केल्याशिवाय पंपाला हात लावू नये. जोडणीस अर्थिंग व गळतीवर तुटणारा ब्रेकर असावा. वापरात नसलेल्या खोल विहिरीत प्राणवायू अपुरा असू शकतो. उपशासाठी डिझेल किंवा पेट्रोल इंजिन विहिरीत उतरवणे प्राणघातक ठरते, कारण त्याचा कार्बन मोनॉक्साइड वायू आतच साठतो आणि त्याला वास नसतो. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्यामागोमाग उतरणाराही दगावतो. अशा वेळी अग्निशमन दलास बोलवावे.