तांब्याच्या किनाऱ्यावरची सहा गावे

आयर्लंडच्या आग्नेयेस वॉटरफर्ड नावाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिण अंगाचा सुमारे २५ किलोमीटर लांबीचा किनारा 'कॉपर कोस्ट', म्हणजे तांब्याचा किनारा, ह्या नावाने ओळखला जातो. समुद्राच्या तोंडावर उभे असलेले तेथील बरेचसे कडे सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे अवशेष होत. त्यांच्या अंगावर काही ठिकाणी हिरवटनिळे डाग दिसतात. कल्हई उडालेले तांब्याचे भांडे कळकले म्हणजे त्यावर जो हिरवा थर चढतो, त्याच जातीचे हे डाग. खडकाच्या शिरांतून तांबे आहे, हे सांगायला तेथे कोणा ज्योतिषाची गरज नव्हती.

१८२४ मध्ये 'मायनिंग कंपनी ऑफ आयर्लंड' स्थापन झाली आणि तिने बनमेहन गावाजवळच्या नॉकमेहनच्या खाणी चालवायला घेतल्या. पुढल्या दोन-तीन दशकांत येथे माणसांची रीघ लागली. कॉर्नवॉलहून कसबी खाणकामगार आले. पुरुष भूगर्भात उतरत आणि मुलेमुली वर बसून खनिज फोडीत, निवडीत. तांबे गाळायला लागणारा कोळसा आयर्लंडच्या ह्या भागात नव्हता. म्हणून खनिज जहाजांतून वेल्समधील स्वान्सीला जाई आणि परतीच्या जहाजांतून खाणीतले पाणी उपसणाऱ्या इंजिनांसाठी कोळसा येई. १८४५ पासून बटाट्यावरील रोगाने देशभर दुष्काळ पडला, त्या काळातही ह्या खाणी चालू होत्या. मग परदेशचे स्वस्त तांबे बाजारात आले, जवळच्या शिरा संपत आल्या, आणि १८७० च्या दशकात सारा कारखाना थंडावला. ज्यांच्या हातांना खणण्यावाचून दुसरे काम ठाऊक नव्हते, त्यांतील अनेकांनी अमेरिकेच्या खाणींची वाट धरली. टँकर्ड्सटाउनच्या कड्यावर इंजिनघराच्या दगडी भिंती आणि धुराडे तेवढे उभे राहिले.

इतिहास येथे संपला असता तर आम्ही हा विषय व्याख्यानास घेतला नसता. उजाड खाणी जगात थोड्या नाहीत. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस फेनोर, डनहिल, ॲन्सटाउन, बोटस्ट्रँड, बनमेहन आणि स्ट्रॅडबॅली ह्या सहा गावांतील मंडळी एकत्र आली. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काय होते? पडकी इंजिनघरे, जमिनीतील भोके आणि कडे. एवढ्या भांडवलावर त्यांनी एक संस्था उभी केली. ती सरकारी नव्हती, आणि विद्यापीठाचीही नव्हती.

त्याच सुमारास युरोपात एक नवा विचार आकार घेत होता. १९९१ साली फ्रान्समधील दीन्य गावी तीसहून अधिक देशांचे शंभरावर भूशास्त्रज्ञ जमले होते. वृद्ध झाडाच्या खोडात जसा त्याच्या आयुष्याचा लेखाजोखा असतो, तसा पृथ्वीचाही खडकांत असतो. तो पुसला जाऊ नये, अशा आशयाचा जाहीरनामा त्यांनी काढला. जाहीरनामे निघतात आणि कपाटात जातात. हा गेला नाही, ह्याचे कारण जून २००० मध्ये चार खेडवळ प्रदेश पुढे आले: फ्रान्सचा ओत-प्रोव्हान्स, ग्रीसमधील लेस्व्होस बेटावरचे अश्मीभूत अरण्य, जर्मनीचा व्हल्कनआयफेल आणि स्पेनचा माएस्त्राझ्गो. त्यांनी आपसांत सनद करून युरोपीय जिओपार्कांचे जाळे स्थापिले. दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, कॉपर कोस्ट त्या जाळ्यात दाखल झाला.

'पार्क' ह्या शब्दाने आपली फसगत होण्याचा संभव आहे. डोळ्यांपुढे कारंजे, हिरवळ आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी येते. जिओपार्काला कुंपण नसते. त्यात शेते असतात, बाजार असतो, शाळा असते; लोक तेथेच राहतात आणि तेथेच मरतात. जिओपार्काच्या पदवीने जमिनीवर नवा कायदाही लागू होत नाही. महत्त्वाच्या स्थळांचे रक्षण देशाच्या आधीच्या कायद्यानेच करावयाचे असते. मात्र जीवाश्म आणि खनिजे विकण्याच्या व्यवहारात जिओपार्काच्या चालकांनी भाग घ्यावयाचा नाही, हा नियम सक्त आहे. आजोबांनी जे खणून जहाजात भरले, ते नातवाने जागच्या जागी ठेवून दाखवावयाचे, असा हा उलटा धंदा आहे. बनमेहनला काळाच्या क्रमाने शिळा मांडून त्यांनी एक बाग केली, वापरात नसलेल्या एका जुन्या चर्चमध्ये माहितीकेंद्र उघडले आणि टँकर्ड्सटाउनचे इंजिनघर डागडुजी करून राखले.

आता आंतरराष्ट्रीय मान्यतेची गोष्ट. येथे आमच्या मते सर्वांत बोधप्रद भाग येतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. युनेस्कोपुढे जिओपार्कांच्या स्वतंत्र कार्यक्रमाची सूचना १९९९ मध्ये आली होती. २००१ मध्ये युनेस्कोच्या कार्यकारी मंडळाने ती बाजूला ठेवली आणि सभासद देशांच्या तुरळक प्रयत्नांना मदत करण्यापुरते आश्वासन दिले. ज्या वर्षी कॉपर कोस्टला युरोपच्या जाळ्यात जागा मिळाली, त्याच वर्षी जगाच्या दरबारात ही दारे अर्धी लोटली गेली! गावे थांबून राहिली नाहीत. २००४ मध्ये युरोपातले आणि चीनमधले जिओपार्क मिळून जागतिक जाळे झाले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी युनेस्कोने ह्या जाळ्याला आपल्या अधिकृत कार्यक्रमात घेतले, तेव्हा ३३ देशांत असे १२० जिओपार्क आधीच चालू होते. कॉपर कोस्ट त्यांपैकी एक. मान्यतेची वाट न पाहता काम आधी झाले, आणि शिक्का मागाहून आला.

तो शिक्काही कायमचा नसतो. दर चार वर्षांनी इतर ठिकाणचे जाणकार येऊन पाहणी करतात. काम नीट असेल तर हिरवे कार्ड. त्रुटी असतील तर पिवळे, आणि त्या दूर करायला दोन वर्षांची मुदत. तरीही सुधारणा न झाल्यास लाल कार्ड, म्हणजे नाव कमी. खडक चार वर्षांत बदलत नाहीत हे परीक्षकांना ठाऊक असते. ते माणसे तपासायला येतात: शाळेतील मुलांना कडे दाखवता का, वाटा साफ आहेत का, कारभार पाहणारी संस्था जिवंत आहे का, गावकऱ्यांचा तीत हात आहे का. पिढ्यान्‌पिढ्या मिरवायची सनद म्हणून जे ह्याकडे पाहतील, त्यांची निराशा व्हायची.

हे ऐकताना महाराष्ट्रातील श्रोत्याच्या मनात लोणार आल्यावाचून कसे राहील? बुलढाणा जिल्ह्यातील ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. आकाशातून आलेल्या पिंडाने बसाल्टच्या पाषाणात खोदलेली अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, असे पुस्तके सांगतात. पण त्याच्या दोन शतके आधी 'आईन-इ-अकबरी'त लोणारच्या क्षारांचा, त्यांपासून होणाऱ्या साबणाचा व काचेचा उल्लेख आहे. आणि दैत्यसूदनाच्या देवळाभोवतीचे लोक लवणासुराची कथा सांगतात. विष्णूने दैत्याला मारले ते हेच स्थान! जमीन हादरवणारे काही येथे घडले, ही जाणीव त्या कथेत नाही असे कोण म्हणेल?

मानमरातब लोणारला पुष्कळ मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले, २०२० मध्ये ते रामसर यादीत गेले. हे सारे वरून खाली आलेले मान आहेत, आणि आम्ही त्यांना कमी लेखत नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये युनेस्कोचे जागतिक जिओपार्क ५० देशांत २२९ झाले, तेव्हा त्यांत भारतातील एकही नव्हता. ज्या देशात दख्खनच्या लाव्ह्याचे थर आणि लोणारचे विवर आहे, त्याला दगडांची वाण पडली असे तर म्हणता येणार नाही.

अर्जाची रीत फार कठीण नाही. आधी राष्ट्रीय आयोगामार्फत इरादा कळवावयाचा, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कागदपत्रे पाठवावयाची. अडचण त्याआधीच्या एका अटीत आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या प्रदेशाने किमान एक वर्ष प्रत्यक्ष जिओपार्क म्हणून चाललेले असावे लागते: संस्था, नकाशा, वाटाडे, शाळांच्या सहली, सारे काही, पदवीवाचून. सहा आयरिश गावांनी हे बिनपदवीचे काम केले, तेव्हा युनेस्कोची पदवी अस्तित्वातच नव्हती. लोणारच्या काठी ते पहिले वर्ष कोणत्या गावच्या कोणत्या ग्रामसभेत सुरू व्हावे, हे मुंबईत वा दिल्लीत ठरवता येणारे नाही.